काठ लहरतो, आखडतो, वळतो: मशीनच्या स्वेटरला नक्षीची काठपट्टी बसवताना

लक्षण तेच ते असतं. स्वेटरचं अंग हाताने चालवायच्या विणकामाच्या मशीनवर व्यवस्थित उतरलेलं, मापात बसलेलं. मग पुढच्या उघड्या कडेला पट्टी, घेराला पिको (दातेरी दुमड) किंवा बाहीला शिंपल्यांची लेस लावली आणि स्वेटर टेबलावर टाकताच काठ झालरीसारखा उठला. उसवून पुन्हा लावला तर या वेळी आखडला; बटणं लावल्यावर पुढचा भाग पोटावर ओढला जायला लागला. तिसऱ्यांदा लावेपर्यंत सूत केसाळलं. बेळगावात शाळेच्या स्वेटरच्या ऑर्डरी घेणारं घर असो की निपाणी-संकेश्वरचं, यावर तीन उत्तरं हमखास मिळतात: सूत हलकं आहे, मशीन जुनं झालं, नाहीतर हात घट्ट आहे. क्वचित तसं असतंही. बहुतेक वेळा मात्र चूक पट्टी विणायच्या आधीच झालेली असते, अंगाच्या कडेवरून काठासाठी टाके किती उचलले त्या आकड्यात.

बेळगावच्या शहापूर-वडगावच्या मागावर साडीचा काठ अंगासोबतच विणला जातो. एकच बाणा (आडवा धागा) दोन्हीतून जातो, त्यामुळे काठाची लांबी अंगापेक्षा वेगळी व्हायचा प्रश्न फारसा येत नाही. स्वेटरचा काठ बहुतेक वेळा मागाहून येतो, दुसऱ्या दिशेने विणलेला असतो आणि कधी क्रोशाचा असतो. गिऱ्हाईक त्याला काठ म्हणो की कन्नडमध्ये अंचु, त्याचा हिशोब वेगळा मांडावाच लागतो.

आधी दोष कुठं आहे ते बघा

उसवायच्या आधी पाच मिनिटं द्या. स्वेटर सपाट टाका, हाताने ओढू नका. काठाच्या जोडापासून 5 सेंमी आत, अंगावर, 10 सेंमी अंतराने दोन टाचण्या टोचा. त्यांच्या अगदी समोर जोडाच्या ओळीवर दोन आणि काठाच्या बाहेरच्या टोकावर दोन. आता तिन्ही ठिकाणी टाचणी ते टाचणी अंतर मोजा. मोजपट्टीने नव्हे, एक दोरा लाटांवरून कपड्यालगत फिरवून.

अंग 10, जोड साडेअकरा: टाके जास्त उचलले. अंग 10, जोड साडेआठ: कमी उचलले. अंग 10, जोडही 10, पण बाहेरचं टोक साडेआठ: टाके बंद करताना घट्ट झाले, जोडाला हात लावू नका. जोड 10 आणि बाहेरचं टोक साडेअकरा: पट्टी अंगाच्या मानाने सैल विणली आहे किंवा लेसचे वाढवलेले टाके पसरलेत. तिन्ही मापं 10 आहेत आणि तरी काठ गुंडाळून येतो, तर तो मापाचा दोष नाही, विणीचा आहे. त्याचं पुढे येईल.

ही चाचणी न करता सगळं उसवणाऱ्यांची अर्धी मेहनत वाया जाते. बंद करणं घट्ट झालं असेल तर फक्त शेवटची ओळ उसवायची असते.

सात आणि दहा

साध्या विणीचा टाका रुंदीला मोठा आणि उंचीला छोटा असतो. सुयांमधे साडेचार मिलिमीटर अंतर असलेल्या, 200 सुयांच्या मशीनवर मध्यम कॅशमिलॉन (ॲक्रिलिकचं सूत) टेन्शन 7 ला विणलं (टेन्शनचा आकडा मोठा तितका टाका सैल) तर 10 सेंमीत साधारण 28 टाके आणि 40 ओळी येतात. तुमच्या सुताला आकडा वेगळा येईल, पण ओळी टाक्यांपेक्षा जास्तच असणार. आता स्वेटरच्या उभ्या कडेला पट्टी लावायची म्हणजे अंगाच्या ओळींवर पट्टीचे टाके बसवायचे. दर ओळीला एक टाका उचलला तर 10 सेंमीच्या कडेत 40 टाके कोंबले, आणि 40 टाक्यांना जागा लागते 14 सेंमीहून जास्त. झालर इथूनच येते.

नमुना तुकडा 60 टाक्यांचा विणा. मधे 40 टाक्यांवर दोन्ही बाजूंना वेगळ्या रंगाचा दोरा बांधा आणि सुरुवातीच्या 20 ओळी सोडून मधल्या 60 ओळींच्या वर-खाली दोन रंगीत ओळी घाला. मशीनवरून काढल्यावर लगेच मोजायचा मोह आवरा. वजनांनी तो उभा ताणलेला असतो. जसा स्वेटर धुणार तसाच धुवा, सपाट वाळवा, रात्रभर पडू द्या, मग मोजा. 40 टाके 14.3 सेंमी आणि 60 ओळी 15 सेंमी आल्या, तर तुमचा हिशोब 28 आणि 40 चा. पावसाळ्यात खानापूरकडे तुकडा दोरीवर टांगून वाळवायची सवय असते. लोकर किंवा सुती धाग्याचा ओला तुकडा स्वतःच्या वजनाने लांबतो आणि सगळा हिशोब चुकतो. कॅशमिलॉन पाणी कमी धरतं, तरी तेही टांगू नका.

उदाहरण घ्या. पुढची उभी कड 44 सेंमी, म्हणजे 176 ओळी. पट्टी अंगाच्याच सुताची, त्याच टेन्शनची. लागणारे टाके 44 गुणिले 2.8, म्हणजे 123. दहा ओळींत सात टाके असं प्रमाण झालं. ते सारखं पसरायचं तर क्रम असा: दोन ओळींवर टाके उचला, एक सोडा, दोन उचला, एक सोडा, तीन उचला, एक सोडा. दहा ओळी, सात टाके. 17 वेळा केलं की 170 ओळी संपतात आणि 119 टाके होतात. उरलेल्या सहा ओळींवर चार टाके. सोडलेल्या ओळी एका ठिकाणी गोळा झाल्या तर एकूण आकडा बरोबर येऊनही तिथे चुणी पडते.

दोन्ही पुढच्या कडा आणि 14 सेंमीचा मागचा गळा मिळून 285 टाके होतात, आणि मशीनवर सुया 200. म्हणून पट्टी दोन तुकड्यांत विणा, जोड मागच्या गळ्याच्या मधोमध घ्या. पुढच्या कडेवर मधेच जोड घेतलेला लपत नाही.

सुयांवर चढवताना

एकपदरी पट्टीसाठी अंगाची उलट बाजू तुमच्याकडे ठेवा. मग जोडाची उंच रेघ आतल्या बाजूला पडते. कडेच्या टाक्याचे दोन्ही दोरे सुईवर घ्या. एकच दोरा घेतला तर तो ताणला जातो आणि जोडाच्या रेषेत बारीक भोकं दिसतात. त्याचा दोष सुताला देऊ नका.

कपडा चढवण्याआधी कडेवर दर 10 ओळींना रंगीत दोरा बांधा आणि सुईपट्टीवर दर सातव्या सुईला खूण करा. मग प्रत्येक खूण तिच्या सुईवर आधी टांगा आणि मधले टाके नंतर भरा. एका टोकापासून मोजत गेलं तर शेवटी पाच-सहा सुया उरतात आणि मग माणूस त्या कशातरी भरतो. हाताने विणताना हे निभावतं, मशीन ते माफ करत नाही.

पहिली ओळ टेन्शन एक-दीड आकड्याने सैल करून विणा, मग नेहमीच्या आकड्यावर या. जोडाजवळ कपडा दुहेरी असतो. तिथं घट्ट ओळ गेली तर कठीण रेघ उठते आणि कधी कॅरेजही (सुयांवरून सरकत टाके विणणारा भाग) अडकते. कपडा खाली ओढून धरायला कडेला लावलेली पंज्याची वजनं दर आठ-दहा ओळींनी वर सरकवा. एकाच ठिकाणी राहिली तर पट्टीची टोकं लांब होतात आणि घेराजवळ पट्टी जिभेसारखी खाली लोंबते.

आडवी विणलेली शिंपल्यांची लेस

सगळ्यात जास्त तक्रारी हिच्याच, आणि कारण बहुतेक वेळा तेच सात-दहाचं, फक्त उलट्या बाजूने. बाहीच्या तोंडाला किंवा घेराला लावताना अंगाचे टाके असतात आणि लेसच्या ओळी. नेहमीची पद्धत अशी की दर दोन ओळींना अंगाचा एक टाका लेसच्या कडेच्या सुईवर टांगायचा. म्हणजे 28 टाक्यांना 56 ओळी. 56 ओळींची लेस भरते 14 सेंमी, आणि ती बसवायची 10 सेंमीवर. लहरणारच की.

बाहीचं तोंड 56 टाक्यांचं, 20 सेंमी. लेस उजवीकडच्या पाच सुयांवर सुरू करा. कॅरेज डावीकडे असताना दोन कामं करायची: डावीकडची एक रिकामी सुई कामात घ्यायची आणि बाहीचा पुढचा टाका सगळ्यात उजवीकडच्या सुईवर टांगायचा. मग दोन ओळी. असं चार वेळा केलं की नऊ सुया होतात. पुढच्या चार वेळा डावीकडचा शेवटचा टाका एक सुई आत सरकवून रिकामी सुई कामातून मागे घ्या, पुन्हा पाच. एक शिंपला 16 ओळींचा, 4 सेंमीचा. असे पाच शिंपले, 80 ओळी, 20 सेंमी. टांगायच्या वेळा झाल्या 40 आणि टाके आहेत 56. म्हणून दर पाच वेळांना टाके असे टांगा: एक, एक, दोन, एक, दोन. पाच वेळांत सात टाके, आठ फेऱ्यांत 56. दोन टाके टांगताना पहिला दुसऱ्याच्या आत बसू द्या आणि सुईची जीभ पूर्ण उघडी आहे ना ते बघा. अर्धवट मिटलेल्या जिभेने टाका पडतो आणि दोन ओळी पुढे गेल्यावरच दिसतो.

उभ्या कडेला हीच लेस लावली तर ओळीला ओळ भिडते, दर दोन ओळींना दोन ओळी, आणि वरचा हिशोब लागत नाही. म्हणूनच पुढच्या कडेला सपाट बसलेली लेस घेराला लावल्यावर फुगते, आणि विणणारी बुचकळ्यात पडते.

शिंपल्याचं टोक वळत असेल तर त्याच्याभोवती क्रोशाने मुक्या खांबाची (बुटक्या टाक्याची) एक ओळ घाला, किंवा लेस साध्या विणीऐवजी टक विणीत (काही ओळींचं सूत सुईवर साठवून एकदम विणायची वीण) काढा. टकची वीण रुंद, सपाट पडते. पण तिच्या ओळी वेगळ्या मोजाव्या लागतात, तुकडा तिचाही विणा.

गोल दोरीचा काठ

तीन सुया, कॅरेज एका दिशेने विणते आणि परतताना टाके तसेच सोडते, त्यामुळे पट्टी मिटून दोरी बनते. इथं तक्रार उलटी: काठ आखडतो. दोन फेऱ्यांत दोरीची एकच ओळ वाढते. घेराच्या दर टाक्याला एक ओळ दिली तर 28 टाक्यांना 28 ओळी, जेमतेम 7 सेंमी. उपाय ओळखीचा आहे: दोन ओळी टाके टांगून, एक मोकळी, दोन टांगून, एक मोकळी, तीन टांगून, एक मोकळी. उभ्या कडेवर दर ओळीला एक, मोकळी नको. दोरी अंगापेक्षा एक ते दोन आकडे सैल टेन्शनला विणा, नाहीतर ती वायरसारखी कडक होते. हा काठ लहान मुलांच्या कोटाला सगळ्यात शोभतो, आणि तो धुऊनही वळत नाही, कारण मुळात वळलेलाच आहे.

पिको: दाते दिसत नाहीत, घेर तिरका पडतो

साडीला फॉल-पिको करतात तो हा पिको नव्हे. इथं भोकांच्या ओळीवर कपडा दुमडला की भोकांमधल्या कपड्याचे दाते होतात.

सुयांची संख्या विषम ठेवा, म्हणजे दोन्ही टोकांना भरलेली सुई येते. वेगळ्या रंगाच्या टाकाऊ सुताने आठ-दहा ओळी विणून मग मुख्य सूत लावा. आतला पदर टेन्शन 6 ला नऊ ओळी. मग एक सोडून एक टाका शेजारच्या सुईवर न्या आणि रिकामी झालेली सुई कामाच्याच जागेवर, म्हणजे बी स्थितीत ठेवा. ती चुकून मागे ए ला, म्हणजे बिनकामाच्या जागेवर, गेली की भोक होत नाही, सरळ शिडी पडते. हीच सगळ्यात वारंवार होणारी चूक. भोकांची ओळ टेन्शन 9 ला, मग बाहेरचा पदर टेन्शन 7 ला दहा ओळी. शेवटी पहिल्या ओळीचे मुख्य सुताचे फास एकेक करून त्याच सुयांवर चढवा आणि जोडाची ओळ पुन्हा 9 ला विणा.

दाते दबलेले दिसतात तेव्हा भोकांची ओळ घट्ट गेलेली असते. घेर बाहेरच्या बाजूला उठतो तेव्हा आतला पदर बाहेरच्याइतकाच मोठा असतो. तो एक ओळ कमी आणि एक आकडा घट्ट हवाच. दुमड तिरकी, पिळल्यासारखी पडली तर फास एक सुई सरकून चढले आहेत. टाकाऊ सूत काढण्याआधी पहिला, मधला आणि शेवटचा फास आपापल्या सुईसमोर आहे का ते बघा. नंतर उपाय नाही, दुमड सोडावीच लागते. जोडाची रेघ पुढून दिसत असेल तर जोडाची ओळ आणखी सैल करा.

क्रोशाची किनार

मशीनची वीण बारीक असते आणि क्रोशाचा मुका खांब तिच्या मानाने रुंद. दर टाक्यात मुका खांब घातला तर काठ फुलतो. क्रोशाचाही तुकडा करून बघा. समजा 10 सेंमीत 22 मुके खांब बसले, तर उभ्या कडेच्या 40 ओळींना 22, म्हणजे 20 ओळींत 11. ही पायाची ओळ सपाट बसली की वरचा नक्षीचा भाग सहसा त्रास देत नाही.

शिंपल्याची किनार सहाच्या पटीत अधिक एक अशी येते: एक मुका खांब, दोन सोडून तिसऱ्यात पाच खांब (मुक्यापेक्षा उंच टाके), दोन सोडून पुन्हा मुका खांब. 44 सेंमीच्या कडेला पायाचे 97 मुके खांब लागतात, आणि 97 म्हणजे सहा गुणिले सोळा अधिक एक, बरोबर सोळा शिंपले. दर वेळी इतकं नीट जमत नाही. दोन-तीन खांब जास्त किंवा कमी होत असतील तर ते पायाच्या ओळीत पसरून घ्या; शेवटचा शिंपला चार खांबांचा करून भागवलेला काठ गिऱ्हाईकाला पहिल्यांदा दिसतो.

गळा

गळपट्टीचं वरचं टोक जोडापेक्षा आखूड असतं, कारण गळा आत वळतो. सगळी पट्टी एकाच टेन्शनला विणली तर ती गळ्यापासून उभी राहते. दर दोन ओळींना अर्धा आकडा उतरा: 7, साडेसहा, 6, साडेपाच. शाळेच्या खोल व्ही गळ्याला मधल्या टोकाला दोन्ही अंगांनी दर ओळीला एक टाका कमी करा. एकाआड एक ओळीला केला तर टोक चोचीसारखं पुढं येतं.

मोजमाप बरोबर, तरी काठ वळतो

साधी वीण खाली-वरून सुलट बाजूकडे आणि कडेने उलट बाजूकडे वळणारच. तिचा स्वभावच तो. एकपदरी साध्या विणीची लेस इस्त्री करून सपाट केली तरी पहिल्या धुण्यात पुन्हा वळते. काठ दुहेरी करा, रिबमध्ये (सुलट-उलट टाक्यांच्या ताणल्या जाणाऱ्या विणीत) विणा किंवा टोकाला क्रोशाची ओळ द्या.

कॅशमिलॉनवर वाफेची इस्त्री फार जपून. इस्त्री कपड्याला टेकवायची नाही, वरून वाफ सोडायची आणि कपडा हलवायचा नाही. वाफ जास्त लागली की सूत मरतं, लुळं पडतं, उसळी जाते ती परत येत नाही. लेसला हे कधी उपयोगी पडतं, पण रिबच्या पट्टीला कधीच करू नका.

विणून झालेला स्वेटर वाचवायचा तर

बंद करणं घट्ट झालं असेल तर ती ओळ उसवा, टाके सुयांवर परत घ्या, एक ओळ टेन्शन 10 ला विणा आणि लॅच टूलने (जिभेची सुई बसवलेल्या हातातल्या अवजाराने) एका फासातून पुढचा फास ओढत साखळी घाला. किंवा प्रत्येक टाका बंद करताना सूत सुयांच्या मधल्या खिळ्यामागून न्या. सगळे फास एकाच लांबीचे होतात आणि हात घट्ट असला तरी फरक पडत नाही.

जोड अर्धा सेंमीपर्यंतच जास्त भरत असेल तर उसवू नका. आतल्या बाजूने जोडाच्या रेघेवर क्रोशाने सरकटाक्यांची एक ओळ घाला, अंगाच्या रंगाच्या बारीक सुताने, आणि चालता चालता थोडं ओढून घ्या. दर 10 सेंमीला टाचण्या लावून ठेवा म्हणजे एकाच जागी आवळणार नाही. एक सेंमीच्या वर फरक असेल तर हा उपाय नुसती चुणी करतो. तिथं पट्टी सोडवा, सात-दहाचा क्रम लावून पुन्हा चढवा. अंगाच्या कडेचं सूत केसाळलं असेल तर दुसऱ्यांदा चढवताना पुढचा आख्खा टाका आत घ्या. अंग दोन्ही बाजूंनी चार-चार मिलिमीटर कमी होईल, स्वेटर मापात बसेल.